रॅम वाढवली आणि सर्व्हर मंदावला: सहा चॅनेल, आठ स्टिक आणि २५६ जीबीचा हट्ट

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये १९२ जीबी रॅम होती. काम वाढलं म्हणून ६४ जीबी आणखी घातली आणि २५६ केली. मशीन नीट सुरू झालं, सगळी रॅम दिसली, पुढच्या पॅनेलवर केशरी दिवा नाही, लॉगमध्ये एकही एरर नाही. पण महिनाअखेरीचं व्याज आकारणीचं जे काम दोन तासांत आटपायचं, ते तीन तासांवर गेलं. रीस्टार्ट केलं की कधी पूर्वीसारखं पळायचं, कधी अडखळायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच खेळ.

हे आमच्याकडे घडलेलं आहे. काही पतसंस्थांच्या खात्यांचा डेटाबेस त्या मशीनवर चालतो आणि सकाळी शाखा उघडायच्या आत आकारणी पूर्ण व्हावीच लागते. आम्ही आधी क्वेरी तपासल्या, इंडेक्स पुन्हा बांधले, मग डिस्कवर संशय घेतला, मग बॅकअपची वेळ बदलली. तीन महिने गेले. रॅमकडे कोणीच बघितलं नाही, कारण रॅम तर आपण नुकतीच वाढवली होती. वाढवलेली गोष्ट कमी कशी पडेल?

सुगावा लागला तो रात्रपाळीच्या सहकाऱ्याच्या वहीतून. दर रीस्टार्टनंतर काय आधी सुरू केलं आणि काय नंतर, हे तो टिपून ठेवायचा. ज्या दिवशी डेटाबेस सुरू होण्याआधी मोठी फाइल-कॉपी झालेली असे, त्या दिवशीचा वेग वेगळा पडत होता. एवढ्या एका नोंदीवरून प्रश्न क्वेरीचा नाही, डेटाबेसच्या वाट्याला रॅमचा कोणता भाग येतो याचा आहे, हे डोक्यात आलं. अशी वही ठेवणारा माणूस प्रत्येक टीममध्ये हवा, असं मला मनापासून वाटतं.

आत नेमकं काय होतं

मशीनमध्ये झिऑन गोल्ड ६२३० हे दोन प्रोसेसर आहेत. इंटेलच्या २०१७ च्या स्कायलेक आणि २०१९ च्या कॅस्केड लेक पिढीत प्रत्येक प्रोसेसरला रॅमचे सहा चॅनेल, म्हणजे रॅमपर्यंत जाणाऱ्या सहा स्वतंत्र वाटा असतात. एका चॅनेलवर दोन स्लॉट धरले, तर प्रोसेसरमागे बारा स्लॉट आणि दोन प्रोसेसरचे मिळून चोवीस. आमच्याकडे मुळात १६ जीबीच्या बारा स्टिक होत्या, म्हणजे प्रत्येक चॅनेलवर बरोबर एक. ही मांडणी अगदी योग्य होती. मग १६ जीबीच्या चार नव्या स्टिक आल्या आणि प्रत्येक प्रोसेसरकडे दोन-दोन लावल्या गेल्या. आता सहापैकी दोन चॅनेलवर ३२ जीबी आणि उरलेल्या चारांवर १६ जीबी.

प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमचा कारभार बघणारा भाग, खेळातले पत्ते वाटावेत तसा डेटा वाटतो. एक तुकडा पहिल्या चॅनेलला, पुढचा दुसऱ्याला, असं सहाही जणांना फिरवत जातो. याला इंटरलीव्हिंग म्हणतात. सलग डेटा वाचताना सहाही चॅनेल एकाच वेळी कामाला लागतात, वेग येतो तो यातूनच. पण सहा जणांपैकी चौघांचे हात १६ जीबीला भरले की उरलेले पत्ते फक्त दोघांनाच वाटायचे. आमच्या प्रत्येक प्रोसेसरकडच्या १२८ जीबीपैकी ९६ जीबी सहा चॅनेलवर पसरलेली होती आणि ३२ जीबी नुसत्या दोन चॅनेलवर.

आकड्यांत बघू. डीडीआर४ म्हणजे आमच्या रॅमची पिढी; तिचा एक चॅनेल एका वेळी ८ बाइट डेटा नेतो. २६६६ च्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २६६६ दशलक्ष खेपा धरून, एका चॅनेलचे सेकंदाला साधारण २१.३ जीबी होतात. सहा चॅनेलचे १२८, चारांचे ८५, दोघांचे जेमतेम ४३. म्हणजे त्या शेवटच्या ३२ जीबीत डेटाबेसचा सतत लागणारा भाग जाऊन बसला, तर वेग एकतृतीयांशावर येतो. कुणाचा डेटा त्या भागात पडेल, हे त्या दिवशी आधी काय सुरू झालं आणि कुणी किती रॅम अडवली यावर ठरतं. रीस्टार्टनंतर कधी बरं, कधी वाईट, याचं कोडं इथे सुटलं.

त्यात आणखी एक गोष्ट घडली होती. एका चॅनेलवर दोन स्टिक बसल्या की बऱ्याच सर्व्हरमध्ये रॅमचा वेग एक पायरी खाली येतो. आमच्या मशीनमध्ये २९३३ ची रॅम २६६६ वर आली, आणि तीही फक्त त्या दोन चॅनेलची नाही, सगळ्यांची. म्हणजे ज्या ९६ जीबीची मांडणी चांगली होती, तिचाही वेग नऊ टक्के घटला.

तपासणी: झाकण उघडायच्या आधी

लिनक्स असेल तर डीएमआयडीकोड या कमांडने मेमरीची माहिती काढा. प्रत्येक स्लॉटचं नाव, स्टिकचा आकार, रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचा गट), पार्ट नंबर, सगळं येतं. त्यात वेगाच्या दोन ओळी असतात. ‘स्पीड’ म्हणजे स्टिकची क्षमता, आणि ‘कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड’ म्हणजे ती आत्ता खरोखर ज्या वेगाने चालते आहे तो. लोक पहिली ओळ वाचून थांबतात. दुसरी वाचा.

मग कागद घ्या आणि प्रत्येक प्रोसेसरचे चॅनेल उभे मांडून त्यांवर स्टिकचे आकार लिहा. स्लॉटची नावं चॅनेलनुसार कशी जुळतात हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या बाजूच्या आकृतीत असतं. अंदाजाने जुळवू नका, प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा असतो. सगळे रकाने सारखे भरले नसतील, तर निम्मं निदान झालंच.

प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी धरणाऱ्या रचनेला न्यूमा म्हणतात. यानंतर न्यूमाकंट्रोल या कमांडच्या हार्डवेअर पर्यायाने दोन्ही प्रोसेसरकडे किती रॅम आहे ते बघा. दोन्हींकडे सारखी हवी. एका जागी मी एकाकडे १२८ आणि दुसऱ्याकडे ६४ पाहिली आहे. तिथे दुसऱ्या प्रोसेसरची कामं सतत पहिल्याच्या दारात जाऊन रॅम मागत होती. त्याच कमांडमध्ये अंतराचा तक्ता येतो. आपल्याच रॅमपर्यंतचं अंतर १० आणि शेजाऱ्याच्या रॅमपर्यंतचं बहुधा २१ दिसतं. हे नॅनोसेकंद नव्हेत, फर्मवेअरने सांगितलेलं सापेक्ष अंतर आहे, पण शेजाऱ्याकडून आणणं महाग पडतं एवढं त्यातून कळतं.

वेग मोजायला स्ट्रीम नावाचा जुना, साधा आणि विश्वासू प्रोग्राम आहे. जॉन मॅककाल्पिन यांनी तो लिहिला आणि आजही रॅमची बँडविड्थ मोजायची म्हटली की आधी त्याचंच नाव निघतं. त्यात एक चूक हमखास होते. त्याच्या नियमानुसार मोजणीचा प्रत्येक अ‍ॅरे शेवटच्या पातळीच्या एकूण कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीच्या, किमान चौपट हवा. आमच्या दोन प्रोसेसरची कॅश २७.५ एमबी प्रत्येकी, मिळून ५५. म्हणजे अ‍ॅरे किमान २२० एमबीचा. प्रोग्राममध्ये मुळात एक कोटी घटक दिलेले असतात, प्रत्येकी ८ बाइटचे, म्हणजे फक्त ८० एमबी. तसाच चालवला तर कॅशचा वेग मिसळून आकडा फुगतो आणि ‘रॅम तर झकास आहे’ असं वाटतं. आकार वाढवून पुन्हा कंपाइल करा, सगळे कोर एकदम कामाला लागावेत म्हणून ओपनएमपी चालू ठेवा.

असमान मांडणी पकडायला मात्र एकदा मोजून भागत नाही. आम्ही असं केलं: प्रोग्राम आणि त्याची मेमरी दोन्ही पहिल्या प्रोसेसरला बांधली. मग त्याच प्रोसेसरकडची १६ जीबी एका वेगळ्या प्रोग्रामने अडवून धरली आणि स्ट्रीम चालवला. मग ३२ अडवून, मग ४८, असं वर चढत गेलो. मांडणी समतोल असेल तर प्रत्येक पायरीला जवळपास सारखा आकडा येतो; कागदावरच्या कमाल वेगाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास मिळाला तर मी समाधानी असतो. आमच्याकडे काही पायऱ्यांवर तो तसा होता आणि काही पायऱ्यांवर धाडकन एकतृतीयांशाजवळ आला. डेटाबेसचा यात काही संबंधच नव्हता. तीन महिन्यांनी त्या रात्री मला शांत झोप लागली.

ही चाचणी चालू कामाच्या मशीनवर करू नका. रॅम अडवताना डेटाबेसला जागा उरली नाही, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यालाच बंद पाडू शकतो. रविवारची वेळ मागून घ्या.

दुरुस्ती

सोळा स्टिक हातात असताना तीन वाटा दिसत होत्या.

पहिली, एक पैसाही न खर्चता. प्रत्येक प्रोसेसरकडे आठ स्टिक आहेत, तर त्या चारच चॅनेलवर दोन-दोन लावायच्या आणि प्रत्येक कंट्रोलरचा एक चॅनेल रिकामा ठेवायचा. या पिढीत एका प्रोसेसरमध्ये दोन मेमरी कंट्रोलर असतात आणि प्रत्येकाकडे तीन चॅनेल, म्हणून दोघांकडून एक-एक सोडायचा. सगळी १२८ जीबी चार चॅनेलवर सारखी पसरते. कमाल वेग दोन-तृतीयांशच मिळतो, पण तो रोज तोच मिळतो. चॅनेल रिकामा ठेवून फायदा होतो हे ऐकून समोरचा माणूस गोंधळतो, तेव्हा वरचं पत्त्यांचं उदाहरण द्या. आम्ही तातडीचा उपाय म्हणून हेच केलं आणि वेळेचा चढउतार त्याच महिन्यात थांबला.

दुसरी वाट, त्याच १६ जीबीच्या आणखी आठ स्टिक घ्यायच्या. चोवीसही स्लॉट भरतात, एकूण ३८४ जीबी होते, सहाही चॅनेल समान. वेग २६६६ राहतो आणि पुढे वाढवायला जागा उरत नाही. तिसरी, ३२ जीबीच्या बारा नव्या स्टिक. तेवढेच ३८४ जीबी, पण चॅनेलवर एकच स्टिक, म्हणून २९३३ चा पूर्ण वेग, एका प्रोसेसरला कागदावर सेकंदाला १४० जीबीच्या वर, आणि बारा स्लॉट मोकळे. खर्च अर्थात जास्त.

कायमचा उपाय म्हणून आम्ही दुसरी वाट धरली, कारण ते मशीन आणखी दोन-तीन वर्षांत बदलायचंच होतं. नवं मशीन असतं तर मी तिसरीसाठी भांडलो असतो. खरोखर २५६ च्या आसपासच हवी असेल आणि पैसे मोजके असतील, तर १६ च्या बारांसोबत ८ च्या बारा लावून २८८ जीबी होते. प्रत्येक चॅनेलवर २४, सगळे सारखे. मोठी स्टिक चॅनेलच्या पहिल्या स्लॉटमध्ये, धाकटी दुसऱ्यात.

बसवण्याबद्दल थोडं. दोन्ही पॉवर सप्लायच्या वायर काढा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. अनेक सर्व्हरमध्ये आधी भरायच्या स्लॉटच्या खिट्ट्या पांढऱ्या आणि नंतरच्या काळ्या असतात. स्टिक दोन्ही टोकांना सारखी दाबा, दोन्ही खिट्ट्यांचा टक आवाज आला पाहिजे. कंपनीने रिकाम्या स्लॉटसाठी प्लॅस्टिकच्या डमी दिल्या असतील तर त्या फेकू नका, पंख्यांची हवा योग्य वाटेने जावी म्हणून त्या असतात. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. मशीन नव्या रॅमचं ट्रेनिंग करत असतं, म्हणजे तिच्याशी सिग्नल जुळवून घेत असतं. घाबरून मध्येच बंद करू नका. मी एकदा केलं आहे आणि सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

मांडणी समान आहे, तरी वेग जातो

अशा वेळी पहिला संशय दुरुस्त होणाऱ्या एररवर घ्या. ईसीसी ही सर्व्हरच्या रॅममधली चूक-दुरुस्तीची सोय एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करते आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. या चुका दुर्मीळ नाहीत: गूगलच्या सर्व्हरवरचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकवर अशा चुका दिसल्या होत्या, आणि एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. लिनक्सवर रासडीमन हा प्रोग्राम चालू ठेवा, तो अशा चुकांची स्टिकनिहाय मोजणी देतो. आयपीएमआयच्या, म्हणजे सर्व्हरच्या हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, इव्हेंट लॉगमध्येही बघा.

वेगाशी याचा संबंध असा. झिऑनच्या या पिढीत एडीडीडीसी नावाची सोय आहे. एखाद्या चिपच्या चुका मर्यादेबाहेर गेल्या की मशीन त्या भागाला दुसऱ्या भागाशी जोडीने चालवू लागतं. डेटा सुरक्षित राहतो, पण त्या भागाचा वेग घसरतो. रीस्टार्ट केल्यावर ती जोडी सुटते, वेग परत येतो, काही दिवसांनी चुका साठतात आणि पुन्हा तेच. ‘रीस्टार्ट केलं की बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांनी हे नक्की तपासावं. सोय बंद करणं हा उपाय नाही, ती तुमचा डेटा वाचवते आहे. स्टिक बदला.

कोणती स्टिक वाईट आहे याची खात्री करायला तिची जागा दुसऱ्या चॅनेलवरच्या तशाच स्टिकशी बदला. एरर स्टिकच्या मागे नव्या जागी गेली तर दोष स्टिकचा. जुन्याच स्लॉटला चिकटून राहिली तर दोष बोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या सॉकेटचा. अख्खा चॅनेलच दिसेनासा झाला असेल आणि नुकताच प्रोसेसर किंवा हीटसिंक काढला असेल, तर सॉकेटमधल्या पिना टॉर्चने बघा, आणि हीटसिंकचे स्क्रू ठरलेल्या क्रमाने, टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट करा. इतक्या मोठ्या सॉकेटमध्ये एका बाजूला दाब कमी पडला तरी चॅनेल गायब होऊ शकतो.

बायोसमध्ये तीन गोष्टी बघून घ्या. मिररिंग, म्हणजे रॅममध्ये प्रत्येक डेटाची दुसरी प्रत ठेवणं, चालू असेल तर रॅम निम्मीच दिसते. पॉवर प्रोफाइल वीज वाचवण्यावर असेल तर डेटाबेससाठी ते परफॉर्मन्सवर न्या. नोड इंटरलीव्हिंग चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन प्रोसेसरचा भेदच कळत नाही आणि डेटा दोन्हींकडे सरसकट विखुरतो. न्यूमा समजणाऱ्या डेटाबेससाठी आणि व्हर्च्युअलायझेशनसाठी ते बंदच ठेवा. बायोस अपडेटनंतर ही सेटिंग मूळपदावर गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बघतो.

रॅम शिल्लक दिसते तरी स्वॅप (रॅमऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरला जातो, ही तक्रार वेगळी. तिथे न्यूमास्टॅट ही कमांड चालवा. डेटाबेसने एकाच प्रोसेसरकडची रॅम भरून टाकलेली असते आणि दुसऱ्याची मोकळी पडलेली असते. डेटाबेसची मेमरी दोन्हींवर वाटून सुरू करा. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

कोटेशन मागवताना

माझा खरा आग्रह इथे आहे, कारण चूक सर्व्हर रूममध्ये होत नाही, कोटेशनच्या ओळीत होते. ‘रॅम २५६ जीबी’ एवढंच लिहिलं की पुरवठादार सर्वांत स्वस्त बेरीज करून देतो. त्याचा दोष नाही, आपण तेवढंच मागितलेलं असतं.

सहा चॅनेलच्या मशीनला १९२ आणि ३८४ हे आकडे शोभतात, २५६ नाही. इंटेलच्या २०२१ च्या आइस लेकला आणि एएमडीच्या ‘एपिक’मधल्या २०१९ च्या रोमला आठ चॅनेल आहेत, तिथे २५६ अगदी बरोबर बसते: प्रत्येक प्रोसेसरला १६ च्या आठ. पण एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या जेनोआला बारा चॅनेल आहेत, आणि डीडीआर५ घेऊनही तिथे २५६ चा हट्ट धरला की आमचीच कथा पुन्हा घडते. एपिकच्या मशीनमध्ये ‘पुढे वाढवू’ म्हणून आठ चॅनेलवर चारच स्टिक घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांनी प्रोसेसरचे पूर्ण पैसे भरले आणि त्याची निम्मीच बँडविड्थ वापरली.

प्रोसेसरची मर्यादाही बघा. झिऑन सिल्व्हर ४२१० ची रॅम २४०० च्या वर जात नाही. त्यात २९३३ ची स्टिक घातली तरी ती २४०० वरच चालते. स्टिकवरचं लेबल वाचायला शिका. ‘२आरएक्स४’ म्हणजे दोन रँक आणि चार बिटांच्या चिप. बाकी सगळं सारखं असताना दोन रँकची स्टिक एका रँकच्या स्टिकपेक्षा सहसा सरस ठरते, कारण एक रँक थांबलेला असताना दुसरा काम करतो. लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर येणारं ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड. हे दोन प्रकार एका मशीनमध्ये एकत्र चालत नाहीत. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतच ईसीसी असते हे ऐकून कोणी साधी रॅम सुचवली, तर घेऊ नका. ती आतली दुरुस्ती चिपपुरतीच असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिला दिसत नाही. सर्व्हरला पूर्ण ईसीसी असलेलीच स्टिक हवी.

आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये आता एकूण जीबी लिहितच नाही. प्रोसेसरमागे किती चॅनेल, चॅनेलमागे किती स्टिक, स्टिकचा आकार, रँक, प्रकार आणि बसवल्यावर दिसायला हवा तो कॉन्फिगर्ड स्पीड, एवढं लिहितो. मशीन आलं की पैसे द्यायच्या आधी डीएमआयडीकोडचं आउटपुट त्या ओळीशी ताडून बघतो, आणि त्याची प्रिंट रात्रपाळीच्या त्या वहीत चिकटवून ठेवतो.